तब्येतराव आणि ठणठणीत बॅटरी

जुना लॅपटॉप घ्यायचा असं घरात ठरलं, तेव्हा तब्येतराव एवढंच म्हणाले, "ते माझ्यावर सोडा." या वाक्याची त्या घरात दहशत आहे. मागं एकदा गळका नळ त्यांच्यावर सोडला होता, तर खालच्या मजल्यावरचे लोक छत्री उघडून विचारपूस करायला आले होते. तरीही या वेळी बायको आणि मुलगी गप्प बसल्या, कारण वेळ थोडा होता आणि बाजार पालथा घालायला दुसरं कोणी रिकामं नव्हतं.

तब्येतराव हे नाव त्यांना ऑफिसनं दिलेलं. (खरं नाव पगारपत्रकावर आहे, ते तिथंच सुखात राहू दे.) विमा कंपनीत ते प्रस्ताव विभागात होते. कोणी विमा मागितला की त्याचे रक्ताचे, लघवीचे, छातीचे सगळे कागद यांच्या टेबलावर यायचे आणि हा माणूस कितपत टिकेल ते तब्येतराव सांगायचे. या कामात त्यांचे केस पांढरे झाले, पण ज्याच्याविषयी सांगायचं तो माणूस त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिला नाही. पाहायची गरजच काय, असं त्यांचं म्हणणं. माणूस समोर बसला की हसतो, घरचं सांगतो, आपलं मन पातळ होतं. कागद हसत नाही. तेव्हा कागद बघावा, सही करावी, चहा प्यावा.

लॅपटॉप हवा होता वहिनींना. (तब्येतरावांच्या बायकोला आपण वहिनीच म्हणू. ओळख नसली तरी गोष्ट संपेपर्यंत होईल.) वहिनी पूर्वी एका ऑफिसात घरांचे नकाशे काढायच्या. मग मुलगी झाली, मग सासूबाईंचं लांबलेलं आजारपण आलं, आणि नकाशाचा बोर्ड कपाटामागं गेला तो गेलाच. आता मुलगी कॉलेजात जायला लागली तसा त्यांनी कॉम्प्युटरवर नकाशे काढायचा क्लास केला आणि जमतील तिथं अर्ज धाडले. बहुतेकांनी वय वाचून उत्तर द्यायचेही कष्ट घेतले नाहीत. एका ऑफिसनं मात्र परीक्षेला बोलावलं. परीक्षा घरूनच द्यायची, आपल्याच कॉम्प्युटरवर. तीन तासांत एका घराचा पुरा नकाशा काढायचा. जमला तर नोकरी, आणि तीही घरबसल्या.

"ही गेली तर मी पुन्हा कोणाच्या दारात उभी राहणार नाही," असं वहिनी एकदा कांदा चिरता चिरता म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं, ते कांद्याचं असावं. पण तब्येतरावांच्या जिवाला तेव्हापासून घोर लागला.

घोर लागलेले तब्येतराव एका जागी बसत नाहीत. ते खुर्चीतून उठतात, पंख्याचं बटण बंद करतात, पुन्हा चालू करतात, पाणी पितात, आणि आपण का उठलो होतो ते आठवत बसतात. अशा येरझारा घालतच त्यांनी जुन्या लॅपटॉपचा अभ्यास केला. त्यातून कळलं ते असं की, जुन्या लॅपटॉपची काच दिसते, बटणं दाबून बघता येतात, पण खरी मेख असते बॅटरीत. ती आत असते. ती किती झिजली आहे ते बाहेरून कळत नाही. मात्र तिचा एक रिपोर्ट निघतो. नवी असताना तिच्यात किती मावत होतं, आज किती मावतं, आणि आजवर ती किती वेळा रिकामी होऊन भरली, हे सगळं त्यात छापून येतं. त्या रिपोर्टला म्हणतात बॅटरीची हेल्थ.

इथं तब्येतरावांना माहेर सापडलं.

"अगं, हे तर माझंच खातं आहे," ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले. "आता मला कोणी फसवून दाखवावं."

"कोणी कशाला फसवेल?" वहिनी म्हणाल्या. "दुकानातून घ्या. सहा महिन्यांची हमी देतात."

"हमी आजारी माणसाला लागते," तब्येतराव म्हणाले आणि पाणी प्यायला वळले.

मग दर संध्याकाळी ते ऑफिसातून परस्पर लोकांच्या घरी जायला लागले. एकाची बॅटरी साडेचारशे वेळा भरलेली निघाली. "व्यसनी दिसते," म्हणून त्यांनी ती नाकारली. दुसऱ्याच्या बॅटरीची हेल्थ होती एकसष्ट टक्के. तिच्याकडे त्यांनी हॉस्पिटलात पेशंटकडे बघावं तसं बघितलं आणि मालकाला धीर देऊन निघाले. तिसऱ्याला त्यांनी, यापूर्वी या कंपनीच्या कोणा बॅटरीला अकाली मृत्यू आला होता का, असं विचारलं. त्यानं दार लावून घेतलं.

परीक्षा चार दिवसांवर आली तेव्हा त्यांना बाई भेटल्या. बाई म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या बैठकीच्या खोलीत, भिंतीला टेकवलेल्या टेबलावर, भरतकाम केलेल्या रुमालाखाली लॅपटॉप होता. वायर भिंतीतल्या सॉकेटपासून निघून त्याच्या कमरेत गेलेली. सहा वर्षांपूर्वी ठेवला तिथंच तो होता.

"मी याला कधी जागचा हलवला नाही," बाई म्हणाल्या. "परदेशातल्या लेकीशी बोलायचं, पेपर वाचायचा, झाकून ठेवायचा. वायर एकदा लावली ती लावलीच."

तब्येतरावांनी रिपोर्ट काढला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. हेल्थ सत्त्याण्णव टक्के. आणि सहा वर्षांत बॅटरी भरून रिकामी झाली होती अवघी अकरा वेळा. तब्येतराव उभे राहिले. इतका स्वच्छ कागद त्यांच्या टेबलावर आजवर आला नव्हता. दारू नाही, विडीकाडी नाही, जागरण नाही.

"एकदा वायर काढून बघा की," बाई म्हणाल्या. "थोडा वेळ तसाच चालवून बघा. मी चहा टाकते."

"गरज नाही, बाई."

"अहो, बघून घ्या. वस्तू जुनी आहे."

"बाई, आमच्याकडे कागद चोख असला की माणसाला पळवून बघत नाहीत," तब्येतराव म्हणाले. बाईंनी तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं, तोवर यांनी लॅपटॉप रुमालासकट पिशवीत घातला होता. (रुमाल दुसऱ्या दिवशी परत करावा लागला.)

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तब्येतरावांनी रिपोर्टाची प्रत सगळ्यांना दाखवली. अकरा हा आकडा त्यांनी लाल पेन्सिलीनं घेरला होता. साहेबांनी तो बघून "वा" म्हटलं, आणि साहेब सहसा कशालाच वा म्हणत नाहीत. त्या दिवशी तब्येतराव घरी आले ते अंगावर मूठभर मांस चढवूनच. आणि आल्या आल्या त्यांनी नियम जाहीर केले.

लॅपटॉप वायर लावल्याशिवाय कोणी उघडायचा नाही. अकराचे बारा झाले तर कोणी केले ते विचारलं जाईल. उन्हात न्यायचा नाही, मांडीवर ठेवायचा नाही, उशीवर तर मुळीच नाही. गरम लागला तर ताबडतोब त्यांना ऑफिसात फोन करायचा.

"ताप मोजायचा का, बाबा?" त्यांच्या मुलीनं विचारलं. तिला चेष्टा करायची होती, पण तब्येतरावांनी त्यावर खरोखर विचार केला.

वायर होती आखूड, आणि ती पोचेल असं मोकळं सॉकेट होतं फक्त धुण्याच्या मशीनपाशी. तेव्हा वहिनी तीन दिवस मशीनच्या शेजारी स्टुलावर बसून सराव करत होत्या. मशीन पिळायला लागलं की नकाशातल्या भिंती थरथरायच्या. वहिनी काही बोलल्या नाहीत. हे त्यांचं काही न बोलणं तब्येतरावांनी समाधान म्हणून घेतलं, आणि इथं त्यांची मोठी चूक झाली.

झालं होतं असं. पहिल्याच दुपारी तब्येतराव ऑफिसात असताना वहिनींनी वायर काढून बघितली होती. (घर सांभाळणारी बाई वस्तू घरात आली की ती वापरून बघते, रिपोर्ट वाचत बसत नाही.) लॅपटॉप शंभर टक्के दाखवत होता. वहिनींनी कपभर चहा केला, प्यायल्या, कप विसळला आणि येऊन बघितलं तर काच काळी ठिक्कर. पुन्हा वायर लावली, पुन्हा भरला, पुन्हा काढली. पुन्हा तेच. सहा वर्षं काठोकाठ भरून भिंतीला बांधलेली ती बॅटरी जागच्या जागी म्हातारी झाली होती. कधी रिकामीच झाली नाही, त्यामुळे आपल्यात आता किती मावतं हे तिलाही ठाऊक नव्हतं. ती आपली तरुणपणचा आकडा सांगत बसली होती.

"बाबांना सांगू या?" मुलीनं विचारलं.

"नको," वहिनी म्हणाल्या. "साहेब वा म्हणाले म्हणून किती खुशीत आहेत. परीक्षा होऊ दे, मग सांगू. वायर लावून चालतो ना, बस झालं."

आणि त्यांनी स्वतःची सोय करून टाकली. परीक्षेला आतली खोली ठरली होती, कारण तिला दार होतं आणि उजेड होता. सॉकेट मात्र नव्हतं. तेव्हा वहिनींनी खोलीबाहेरच्या बोळातल्या बोर्डाला एक लांब एक्स्टेंशन वायर जोडली, ती दाराच्या कडेनं, कपाटाच्या मागून, टेबलाच्या पायापर्यंत नेऊन ठेवली. आयत्या वेळी टोचायची आणि कामाला लागायचं. सगळं नकाशात काढल्यासारखं नीट होतं.

परीक्षेच्या दिवशी तब्येतरावांनी रजा काढली. कोणी काढायला सांगितली नव्हती. सकाळपासून त्यांच्या पायांना भिंगरी लागली होती. त्यांनी दारावर "शांतता राखा" असा कागद लावला, मग तो वाकडा वाटला म्हणून काढून पुन्हा लावला. फ्रिज घरघरतो म्हणून बंद केला. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतील म्हणून शेजारी जाऊन आज डाळ भांड्यात शिजवता येईल का ते विचारून आले. मग त्यांना बेल आठवली. ऐन वेळी कोणी बेल वाजवली तर? बेल होती बोळातल्या बोर्डावर. नेमकं कोणतं बटण बेलचं, ते लक्षात येईना, म्हणून त्यांनी अख्खा बोर्डच बंद करून टाकला.

आणि मग त्यांना ती वायर दिसली.

"ही कोणी लोंबकळत ठेवली इथं? पायात येऊन मरेल कोणीतरी," असं स्वतःशीच म्हणत त्यांनी ती ओढून काढली, छान गुंडाळी केली आणि फडताळात ठेवून दिली. वहिनी तेव्हा केस विंचरत होत्या. मुलगी आंघोळीला गेली होती. त्या घरात एरवी कोणाला एक क्षण एकटं मिळत नाही. तब्येतरावांना मात्र बरोब्बर तेवढा मिळाला.

परीक्षेची वेळ झाली. तब्येतराव लॅपटॉप दोन्ही हातांवर घेऊन आतल्या खोलीत आले, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "शंभर टक्के. आजच्या दिवसासाठीच जपली होती हिला. आज खुशाल बारा होऊ देत."

वहिनी फोन कपाटावर नीट टेकवून ठेवत होत्या. "याला हात लावू नका हं," त्या म्हणाल्या. "आणि आता दार लावून बाहेर थांबा. आत दुसरं कोणी दिसलं तर परीक्षा रद्द करतात."

"माझी सावलीही दिसणार नाही," तब्येतराव म्हणाले. फोन कपाटावर का ठेवलाय हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. ते दाराच्या कडीला तेल पुरेल की नाही या विवंचनेत होते.

दार लागलं. परीक्षकांचा आवाज आला, ओळख पटवून झाली, परीक्षा सुरू झाली. वहिनींनी टेबलाखाली हात घातला. हाताला काही लागलं नाही. पायानं चाचपलं, तरी काही नाही. उठून बघावं तर खुर्ची सोडायची परवानगी नव्हती. वहिनींनी सरळ भिंती काढायला सुरुवात केली. जेवढा वेळ हातात आहे तेवढ्यात जेवढं होईल तेवढं, असं त्यांनी मनाशी धरलं, आणि दर दोन रेघांनंतर काम सेव्ह करत गेल्या.

बाहेर तब्येतराव दाराच्या फटीला डोळा लावून उभे होते. फटीतून वहिनींची पाठ दिसत होती आणि लॅपटॉपचा एक कोपरा. पाठ ताठ होती. तब्येतरावांना त्या पाठीचा अभिमान वाटला. आपण हिला इतकी वर्षं घरात बसवून ठेवली, असंही त्यांना वाटलं. पाणी प्यावं म्हणून ते वळणार, तोच आतून आवाज आला. टिंग.

तो आवाज कसला हे त्यांना पाठ होतं. इतका अभ्यास केला होता. बॅटरी संपत आली की लॅपटॉप तसा वाजतो.

"नाही नाही, दुसरं काहीतरी असेल," ते मुलीला कुजबुजत म्हणाले. "हेल्थ सत्त्याण्णव आहे."

टिंग, पुन्हा वाजलं. लॅपटॉपचा कोपरा मंद झाला.

"बाबा," मुलगी म्हणाली, "ती बॅटरी चहाचा कप संपेपर्यंतच टिकते. आईला माहीत आहे. म्हणून तिनं वायर ओढून ठेवली होती."

तब्येतरावांची पाचावर धारण बसली. "कुठली वायर?" त्यांनी विचारलं, पण उत्तर त्यांना माहीत होतं. त्यांनी स्वतःच्या हातानं तिची छान गुंडाळी केली होती.

यानंतर जे झालं ते फार वेगानं झालं. तब्येतरावांनी फडताळातून वायर काढली, एक टोक मुलीच्या हातात देऊन "बोर्डात घाल" म्हणाले, धुण्याच्या मशीनपाशी राहिलेला चार्जर खिशात कोंबला आणि जमिनीवर पालथे झाले. त्यांचा हिशोब साधा होता. लॅपटॉपचा कॅमेरा टेबलाच्या वरचं बघतो. टेबलाच्या खालून गेलं तर ब्रह्मदेवाच्या बापालाही कळणार नाही. त्यांनी दार वीतभर ढकललं आणि कोपरांवर सरपटत आत शिरले. वायरचं दुसरं टोक त्यांनी दातांत धरलं होतं. मधेच चष्मा निसटला, तो त्यांनी हनुवटीनं पुढं ढकलत नेला.

वहिनींना पायाशी काहीतरी हललेलं जाणवलं म्हणून त्यांनी खाली बघितलं. खाली नवरा होता. त्यांनी पुन्हा वर बघितलं आणि स्वयंपाकघराची खिडकी काढायला घेतली.

तब्येतरावांनी टेबलाखाली चार्जर वायरला जोडला, हात वर करून चाचपत लॅपटॉपला लावला आणि वाट बघितली. चार्जरचा दिवा लागला नाही. काढून पुन्हा लावला, तरी नाही. मग त्यांना बोर्ड आठवला. बेलसाठी बंद केलेला अख्खा बोर्ड. ओरडून सांगावं तर आत परीक्षा. म्हणून त्यांनी खुणेसाठी वायरला एक हिसका दिला, या भरवशावर की त्यांची मुलगी हुशार आहे आणि समजून जाईल.

मुलगी हुशार होती. बाबांना वायर अपुरी पडतेय, हे ती तत्काळ समजली. तिनं बोर्डातून प्लग काढला आणि उरलेली सगळी वायर दाराच्या फटीतून आत सारली.

आता वायरची दोन्ही टोकं तब्येतरावांच्या हातात होती. आणि वर, लॅपटॉपची काच काळी झाली.

खोलीत शांतता पसरली. सकाळपासून त्यांनी जिच्यासाठी एवढी धडपड केली होती तीच ही शांतता. तब्येतराव श्वास रोखून पडून राहिले. आणि मग कपाटावरून एक आवाज आला.

"मॅडम, तुमचा कॉम्प्युटर बंद पडलाय."

"हो सर," वहिनी म्हणाल्या.

"आम्हाला दुसऱ्या कॅमेऱ्यातून, म्हणजे तुमच्या फोनमधून, खोली दिसतेय. टेबलाखाली एक गृहस्थ आहेत. कोण आहेत ते?"

"माझे मिस्टर आहेत, सर."

"ते काय करतायत?"

वहिनींनी क्षणभर विचार केला. "बॅटरीची तब्येत बघतायत."

पलीकडे कोणीतरी खोकलं, आणि त्या खोकल्यावरून तिथं एकच माणूस बसलेला नाही हे तब्येतरावांच्या ध्यानात आलं. परीक्षकांचा आवाज पुन्हा आला. "त्यांना कृपया सांगा, वायरचं एक टोक भिंतीत घालावं लागतं."

तब्येतराव बाहेर निघताना टेबलाला डोकं आपटून घेणार हे सांगायला नको. ते उभे राहिले, शर्टाची धूळ झटकली आणि कपाटाकडे तोंड करून म्हणाले, "सर, माझी चूक आहे. हिची नाही. हिनं वायर ठेवली होती, मी काढली. मला काय ती शिक्षा करा, पण हिची परीक्षा रद्द करू नका, सर. हिला पुन्हा कोणी बोलावणार नाही." आयुष्यात पहिल्यांदा ते कोणाची बाजू कागदाशिवाय मांडत होते.

"नियमाप्रमाणे, मॅडम," परीक्षक अडखळत म्हणाले, "खोलीत दुसरी व्यक्ती आढळली तर..."

"सर, वेळ थांबवलाय की चालू आहे?" वहिनींनी विचारलं.

"चालूच आहे."

"मग तुमचं काय ते नंतर ठरवा. माझा जिना राहिलाय." असं म्हणून वहिनींनी कच्च्या कामासाठी ठेवलेला कोरा कागद पुढं ओढला, पेन्सिल घेतली, आणि फोनला दिसेल असा कागद धरून हातानं जिना काढायला सुरुवात केली. पट्टी न घेता. एकेक पायरी अशी पडत गेली की पलीकडचं खोकणंही थांबलं. तोवर तब्येतरावांनी धावत जाऊन बोर्ड चालू केला, वायर टोचली, लॅपटॉप जागा झाला. वहिनींनी केलेलं काम जसंच्या तसं शाबूत होतं. त्यांनी तो जिना उचलून नकाशात बसवला आणि उरलेल्या वेळात घर पुरं केलं. मधे दोनदा बेल वाजली. बोर्ड चालू झाला होता ना. तब्येतरावांनी दोन्ही वेळा जाऊन आलेल्या माणसाच्या तोंडावर हात ठेवला.

त्यानंतरचे दिवस त्या घरात कसे गेले ते विचारू नका. ऑफिसकडून फोन येईना. तब्येतराव चपाती हातात घेऊन खिडकीपर्यंत जायचे आणि तशीच परत आणायचे. एकदा त्यांनी रागानं मुख्याध्यापिका बाईंना फोन लावला.

"बाई, तुमच्याकडे ही बॅटरी नुसती किती चालायची?"

"मला काय माहीत? वायर काढलीच नाही तर कसं कळणार?" बाई म्हणाल्या. "तुम्हाला मी दोनदा म्हटलं, काढून बघा. तिसऱ्यांदा म्हणत होते, तर तुम्ही माझा रुमाल घेऊन निघालात."

तब्येतरावांनी फोन ठेवला आणि रिपोर्टाची ती प्रत पाकिटातून काढून फाडून टाकली. रात्री जेवताना ते म्हणाले, "मला कळत नाही. अकरा वेळाच तर भरली होती. झिजली कशी?"

"अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या चपला झिजत नाहीत," वहिनी म्हणाल्या, "म्हणून तो दौडत जाईल का? उठवून चार पावलं चालवून बघायचं असतं." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर तब्येतरावांना बरं वाटलं असतं. "माझं काय व्हायचं ते होऊ दे. तुम्ही आमटी घ्या."

त्यांना आमटी गेली नाही.

आणि मग एका दुपारी फोन आला. वहिनी गॅलरीत जाऊन बोलल्या, बराच वेळ बोलल्या. तब्येतराव काचेच्या आतून त्यांची पाठ बघत उभे होते. पाठीवरून काही कळेना. वहिनी आत आल्या आणि खुर्चीवर बसल्या.

"झालं," त्या म्हणाल्या. "घेतलं मला."

मुलीनं जाऊन आईला मिठी मारली. तब्येतरावांना बसायला जागा सापडेना, म्हणून ते जमिनीवरच बसले. "पण ते माझं... टेबलाखालचं?" त्यांनी विचारलं.

"त्याच्यावरच तर सगळं झालं. ते चित्रीकरण तिथं सगळ्यांनी बघितलं. मोठ्या साहेबांनी परत लावायला सांगितलं म्हणे. त्यांचं म्हणणं, ज्या बाईची रेघ अशा वेळी हलली नाही, तिला कुठल्याही बांधकामावर पाठवा, तिचं काही बिघडणार नाही."

तब्येतराव हळूहळू उठून उभे राहिले. शर्ट नीट केला. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. "म्हणजे तसं बघितलं तर," ते म्हणाले, "ही नोकरी एका परीनं माझ्यामुळेच लागली म्हणायची."

"हो, तसं तेही म्हणाले," वहिनी म्हणाल्या. "फक्त घरबसल्या काम देणार होते ते आता रद्द केलंय. मी रोज त्यांच्या ऑफिसात जायचं. टेबल देतायत, कॉम्प्युटर देतायत."

"उत्तम. मी सोडत जाईन तुला. आत येऊन एकदा त्यांचं वायरिंगही बघून घेतो. बाकी काही अट वगैरे?"

"एकच आहे," वहिनी म्हणाल्या. "मी एकटीनं यायचं."